मापाचं ताट

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पेट्रोल पंपाचा मालक मला बघून चहा मागवायचा आणि मी तो कधी प्यायलो नाही. किराणा दुकानदार माझी सावली दिसली की तराजू पुसायला घ्यायचे. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी लाज आहे आणि ती कळायची तर आधी माझा स्वभाव कळायला हवा.

निवृत्तीनंतर मी आणि सुनेत्रा, माझी बायको, परभणीबाहेर वसमत रस्त्यावर निवृत्तांच्या वसाहतीत राहायला आलो. चाळीस खोल्या, सगळे साठीच्या पुढचे. खोली ज्याची त्याची, पण जेवायला सगळ्यांचं मिळून एकच भोजनगृह. ते पाथरीकडच्या बायनाबाई चालवतात. कूपन फाडायचं आणि ताट घ्यायचं. पोळी किंवा भाकरी, भाजी, वरण, भात आणि वर ठेचा. सत्तर रुपये. स्टेशनजवळच्या खानावळीत तेवढ्याला एकशेवीस पडतात, पण पेन्शनीत निघालेला माणूस स्टेशनजवळच्या भावाशी तुलना करत नाही, गेल्या वर्षीच्या भावाशी करतो.

आमच्या टेबलावर दत्तराव बसायचे. मूळचे पालमचे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही. एसटीतून निवृत्त झालेल्यांना पेन्शन किती मिळते हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. वसाहत चालवणाऱ्या संस्थेनं चार खोल्या बिनभाड्याच्या ठेवल्या आहेत, त्यातली एक त्यांची. जेवण मात्र त्यांनाही विकतच. वसाहतीत पंखा अडला, मिक्सर जळला, नळ गळला की हाक दत्तरावांना. पन्नास रुपये पुढं केले तर ते उठून चालू लागायचे. रात्री ते जेवायला येत नसत. "रातचं पचत न्हाई साहेब," म्हणायचे, आणि मी ते खरं धरून चाललो होतो.

फेब्रुवारीत बायनाबाईंनी भोजनगृहाच्या दाराला पाटी लावली. एक तारखेपासून ताट पंच्याऐंशी रुपये. तूरडाळ आणि गॅस महागल्याचं त्यांनी खाली लिहिलं होतं, पण ते वाचायच्या आधीच माझं डोकं फिरलं.

डोकं फिरायला कारण होतं. कित्येक महिन्यांपासून मी बघत होतो की माझ्या ताटात भात मूठभर पडतो आणि शेजारी दत्तरावांच्या ताटात ढीग. कूपन दोघांचं सारखंच. दत्तरावांबद्दल माझ्या मनात काही नव्हतं, पण बायनाबाईंच्या अंदाजपंचे वाढण्याचा मला राग होता. वाढताना त्या कधी डाव भरून घालायच्या, कधी नुसता टेकवायच्या. असल्या कारभाराला जास्तीचे पंधरा रुपये द्यायचे?

वसाहतीच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष आबासाहेब, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी उभा राहून म्हणालो, "आधी माप, मग भाव. प्रत्येकाच्या ताटात किती पडतं ते कळल्याशिवाय एक रुपया वाढवायचा नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, हेही सांगून टाकतो.

रविवारी दुपारी मी माझा इलेक्ट्रॉनिक काटा भोजनगृहात नेऊन मांडला. ताट वाढून झालं की काट्यावर, तिथून टेबलावर. रिकाम्या ताटाचं वजन वजा करून मी आकडा मोठ्यानं वाचायचो आणि आबासाहेब लिहून घ्यायचे. सुलाबाई, चारशे दहा ग्रॅम. आबासाहेब, पाचशे साठ. मी, चारशे तीस. मग दत्तरावांचं ताट आलं. खात्यातल्या सवयीनं मी खणखणीत आवाजात वाचलं, "एक किलो चाळीस ग्रॅम."

मग आबासाहेब म्हणाले, "दत्तराव, टपावरचं सामानबी आत घेतलं की काय?" सगळे हसले. मीही हसलो.

बायनाबाई डाव हातात धरून पुढं आल्या. "माझाच हात चुकला. लक्ष न्हवतं माझं," असं म्हणाल्या. दत्तराव आपल्या ताटाकडं बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि एकेकाच्या ताटावरून नजर फिरवली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ताटात अन्न ठेवलं.

नियम ठरला. प्रत्येकाला मोजून सहाशे ग्रॅम. जादा पोळी दहा रुपये, जादा भात वीस. भाव सत्तरच. लोक मला वाटेत थांबवून शाबासकी देत होते. एकट्या सुनेत्रानं दिली नाही. "तुमच्या आईनं माझ्या पोळ्या कधी मोजल्या नाहीत," एवढंच ती म्हणाली आणि स्वेटर विणत राहिली.

तीनएक आठवडे गेले. दत्तराव माझ्या शेजारी बसून सहाशे ग्रॅम जेवायचे आणि ताट अगदी पुसून घ्यायचे. जादा काही मागायचे नाहीत. त्यांच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली होती. एकदा सुलाबाईंच्या खोलीतला पंखा उतरवताना ते स्टुलावरून कसेबसे खाली आले आणि भिंतीला टेकून बसून राहिले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "ऊन लागलं." तो मार्चचा पहिला आठवडा होता. उन्हाला अजून वेळ होता, पण मी पुढं काही विचारलं नाही.

माझी गत उलटी होती. मला साखर आहे. सहाशे ग्रॅम मला संपायचे नाहीत, रोज भात उरायचा. एका दुपारी ताट मोरीवर न्यायला गेलो तर बायनाबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी माझ्या ताटाकडं बघितलं.

"रोज टाकून द्यायलात तुमी भात, साहेब."

"मला साखर आहे, माहीत आहे ना? एवढा वाढता कशाला?"

"मापच हाय तेवढं. तुमीच लावलेलं." त्यांनी नळ बंद केला. "आधी तुमाला कमी वाढत होते. तुमी ठेवायचेच. सुलाबाई बी ठेवायच्या. तुमच्या दोघांचा वाचला तेवढा मी दत्तरावांच्या ताटात घालत होते. त्यांला एकाच टायमाचं कूपन झेपतंय, साहेब. मी दोन टायमाचं एकदाच वाढायचे. तुमाला कधी कमी पडलं का?"

मला कधी कमी पडलं नव्हतं. मी विचारलं, "दत्तरावांना माहीत होतं?"

"न्हाई. त्यांला वाटायचं, सगळ्यांलाच असं वाढते मी. मान खाली घालून जेवणारं माणूस ते. दुसऱ्याच्या ताटात कधी बघत न्हाई."

"मग त्याच दिवशी मला का नाही सांगितलं?"

"सगळ्यांदेखत सांगू?" असं म्हणून त्यांनी नळ परत सोडला.

मी उष्टं ताट धरून तिथंच उभा होतो. कमी देणारे मी शेकड्यानं पकडले होते. जास्त देणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा पकडलं आणि दंड नेमका त्यालाच केला. वर दत्तरावांनी जे आयुष्यभर कुणाला कळू दिलं नाही ते मी भर पंगतीत ओरडून वाचलं. आणि हसलो. त्या हसण्याची मला जेवढी शरम वाटली तेवढी आजवर कशाचीच वाटली नाही.

खोलीवर येऊन सुनेत्राला सगळं सांगितलं. "रात्रीची कूपनं घेऊन देऊ का त्यांना?" मी विचारलं.

"पंखा दुरुस्तीचे पन्नास घेत नाहीत ते. तुमची कूपनं घेतील?" ती म्हणाली. "चारचौघांत केलंय ना? चारचौघांतच निस्तरा."

रात्रभर विचार करून मला एकच गोष्ट सुचली, आणि ती खोटी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे बसल्यावर मी उभा राहिलो. "त्या रविवारचे आकडे चुकीचे होते," मी म्हणालो. "काटा सदोष निघाला. काही ताटं कमी दाखवली, काही दुप्पट. दत्तरावांचं तर साफच चुकलं. मी काटा आधी तपासून घ्यायला हवा होता, तो घेतला नाही."

आबासाहेबांनी घास हातातच ठेवला. "तुमचा काटा चुकला, गोविंदराव? तुमचा?" त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

"हो. माझा."

एकतीस वर्षांत न बोललेलं ते वाक्य होतं. मागच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं की खात्यात असतानाही असंच चालत असणार. मी ते गिळलं. मापाचा नियम रद्द करा, बायनाबाईंना त्यांच्या हातानं वाढू द्या आणि त्यांचे पंच्याऐंशी त्यांना द्या, असं मी मांडलं. कुरकुर झाली, पण माझंच प्रकरण आता इतकं हास्यास्पद झालं होतं की कुणी फार ताणलं नाही. दत्तराव खाली बघून जेवत होते. मला वाटलं, जमलं. हलकं वाटलं. नाव गेलं तर गेलं.

संध्याकाळी दत्तराव दारात आले. "साहेब, काटा द्या. बघतो काय झालंय ते."

"राहू द्या हो, भंगारात घालतो."

"एवढी चांगली वस्तू भंगारात कशाला?" म्हणत त्यांनी तो फळीवरून उचललासुद्धा. बिघडलेली वस्तू दत्तरावांना दिसली आणि त्यांनी ती सोडली असं कधी झालं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सकाळी ते काटा घेऊन परत आले. सुनेत्रानं चहा टाकला. दत्तरावांनी काटा टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"दुकानातनं वजनं आणून लावून बघितली. पाव, अर्धा, किलो, दोन किलो. एका ग्रॅमचा फरक न्हाई, साहेब."

मी काटा उचलून फळीवर ठेवला.

"तुमी माझ्यासाठी खोटं बोललात. लोकांत तुमचं नाव गेलं. तेवढं लय झालं."

"दत्तराव, चूक माझीच होती."

"चूक कशाची? ताट होतंच तेवढं. मला ठावं न्हवतं, इतकंच. आता ठावं झालं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. ते रागावले असते तर मी सुटलो असतो. त्यांनी चहा संपवला, कप मोरीवर नेऊन ठेवला, सुनेत्राला "येतो ताई" म्हणाले आणि गेले.

त्या दुपारी बायनाबाई पुन्हा स्वतःच्या हातानं वाढत होत्या. मला मूठभर भात घातला. मग दत्तरावांच्या ताटात एक डाव घातला आणि दुसरा भरला. दत्तरावांनी ताटावर तळहात आडवा धरला.

"बास."

"घ्या की. आता कुठं मोजायलेत?"

"बास झालं, बाई."

भरलेला डाव हातात घेऊन बायनाबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं न बघता तो त्यांनी परत भाताच्या पातेल्यात रिकामा केला आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या.

दत्तराव शांतपणे जेवले. साधारण सहाशे ग्रॅम असतील, मला बघूनच कळतं. आणि परवापर्यंत जे त्यांना सत्तरला पडत होतं, त्याचे ते आता पंच्याऐंशी देतात.