सातने भागून बघ

काकी तिजोरीच्या खोलीत अडकली, आणि दार दादानेच लोटलं होतं. दादा तिचाच मुलगा, माझा चुलतभाऊ; आपली आई आत फळ्या पुसतेय हे त्याने पाहिलंच नाही. काकांचा कारखाना तिजोऱ्यांचा. दार मिटलं की कुलूप आपोआप लागतं, नऊ आकडी नंबर दाबल्याशिवाय उघडत नाही. आत हवेला फट नाही आणि काकीला दमा. दार कापायला दोन तास लागणार होते. नंबर फक्त काकांना ठाऊक, आणि काका विमानात, फोन बंद.

तीनदा चुकलं की कुलूप दुसऱ्या दिवसापर्यंत दाद देत नाही.

नंबर कसा आहे, हे मात्र आम्हाला ऐकून ऐकून पाठ. एक ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनने भाग जातो, पहिल्या तिनांच्या संख्येला तीनने, असं करत अख्ख्या संख्येला नऊने. "जगात असा एकच आहे. शोधा," काका जेवताना म्हणायचे. त्यांच्या या मिजाशीचा मला इतका राग यायचा की मी तो कधी शोधलाच नाही.

आतून ठोके आले. तीन. मग थांबून भराभर पुष्कळ. मग एकच.

"घाबरलीय," दादा म्हणाला आणि दाराला तोंड लावून ओरडला, "आई, ठोकू नकोस. दम राखून बस."

ठोके थांबले.

मी कागद ओढला. पाचवा अंक पाचच हवा, सम जागी सम अंक हवेत. दादाला कुठला धीर. "नवापासून उलटं. चारने जातो, आठने जातो, बाबा असलंच काहीतरी करणार." त्याने ९८७६५४३२१ दाबलं. लाल दिवा. मीही कमी नाही. घाईघाईत ७८९६५४३२१ दाबून मोकळी झाले. पुन्हा लाल.

"सातने तपासलंस?" दादाने विचारलं.

दोघांनीही तपासलं नव्हतं. बाकी सगळ्यांच्या युक्त्या शाळेत शिकलेल्या. शेवटचे अंक बघा, बेरीज करा. सातसाठी खरोखर भागाकार मांडावा लागतो, आणि कष्टाचं काम म्हटलं की आमचं घराणं अंग चोरतं.

बाकी सगळ्या अटींत बसणाऱ्या आणखी आठ संख्या उरत होत्या, संधी एकच. मी एकेकीचे पहिले सात अंक भागायला बसले. बाकी उरली. पुन्हा उरली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मला रडू येत होतं आणि आकडे पुसट दिसत होते. अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस. बाकी शून्य. विश्वास बसेना म्हणून पुन्हा भागलं. शून्यच.

३८१६५४७२९. हिरवा दिवा लागला.

काकी जमिनीवर टेकून बसली होती, ओठ निळसर. दादाने तिचा पंप तोंडाशी धरला. तिने तो ओढला, पुन्हा ओढला. बऱ्याच वेळाने तिचा आवाज फुटला.

"कुठला दाबलात?"

"तीन, आठ, एक," मी सांगू लागले.

"सहा, पाच, चार, सात, दोन, नऊ," तिने पुरं केलं. "तुझे काका रोज झोपेत बडबडतात. ओरडायला दम नव्हता, म्हणून तोच तर ठोकत होते मी." मग तिने दादाकडे पाहिलं. "तूच म्हणालास, ठोकू नकोस."