कपाटामागची खिडकी

पुतणीच्या पत्राला मी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. तिला आमच्या भागातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. एक तारखेला रुजू व्हायचं होतं, आणि पगारात परवडेल अशी खोली मिळाली नाही तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं. 'काका, तुम्ही तिथलेच, तुम्हीच बघा,' असं तिनं लिहिलं होतं. फोनवर मी 'हं'च्या पुढे जात नाही हे तिला ठाऊक, म्हणून पत्र. माझ्या खोलीत पुस्तकांमधून मलाच वाट काढावी लागते, तिथे तिला कुठे ठेवणार?

मी बावीस खोल्या पाहिल्या. म्हणजे अकरा पाहिल्या आणि अकरा दारांवरून बेल न वाजवताच परतलो. पाहिलेल्यांपैकी एकीचंही भाडं तिला परवडणारं नव्हतं. 'जमत नाही' असं उत्तर लिहून पाकिटात घातलं, पण ते टपालपेटीत टाकायचाही धीर होईना.

तेविसाव्या दारावर पाटी होती: खोली भाड्याने. खाली आकडा, तिला झेपेल असा. दार उघडणाऱ्या बाईंनी माझा चष्मा पाहिला, खांद्यावरची झोळी पाहिली आणि विचारलं, "वाचनालयातून आलात ना?"

"हो," मी म्हणालो. अडतीस वर्षं या प्रश्नाचं हेच उत्तर होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हे ओठांवर येईपर्यंत त्या मला वरच्या मजल्यावरच्या खोलीत घेऊन गेल्या होत्या. भिंतभर पुस्तकं, त्यांच्या वारलेल्या यजमानांची. ती वाचनालयाला द्यायची, मग खोली भाडेकरूंना दाखवायची, असा त्यांचा बेत. खोली अंधारी म्हणून भाडं कमी, हेही त्यांनीच सांगून टाकलं.

खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. तीन दुपारी मी पुस्तकं झटकली, विषयवार गठ्ठे बांधले. बाई चहा देत आणि वाचनालयाची माणसं किती कामसू म्हणून कौतुक करत. कपागणिक मी जास्तच ओशाळत होतो.

तिसऱ्या दिवशी शेवटचं कपाट आम्ही दोघांनी ढकललं. मागे खिडकी होती.

लाकूड फुगलं होतं. बाईंनी खांदा लावून ती उघडली आणि उजेड एकदम भिंतीवर जाऊन आदळला. खाली छपरांमागून छपरं, वाळत घातलेल्या चादरी, कुठल्याशा गच्चीवर कुणीतरी मुलीचे केस विंचरत होतं. टोकाला इस्पितळाची पांढरी इमारत. जन्मभर मी या रस्त्यांवरून खाली मान घालून चाललो. हे सगळं इतकं मोठं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथे कपाटच आहे," बाई हळूच म्हणाल्या. "चाळीस वर्षं."

मग माझ्या ध्यानात आलं: खिडकी निघाली, आता भाडं वाढणार. त्या भीतीनंच माझं तोंड उघडलं. मी वाचनालयात होतो, आता नाही, खोली पुतणीसाठी बघायला आलो होतो, सगळं सांगून टाकलं.

"मग तीन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होतीत का?"

खिडकीसकट भाडं किती पडेल ते मी विचारलं.

"खिडकी काय मी बांधली?" त्यांची नजर अजून बाहेरच होती. "पाटीवर आहे तेवढंच. फक्त संध्याकाळी घटकाभर मला इथे बसू द्यायचं. चालेल का, विचारा तिला."

वाटेत वाचनालयात जाऊन बाईंकडचे गठ्ठे घेऊन जायला सांगितलं. घरी येऊन जुनं पाकीट फाडलं. नव्या पत्रात भाडं लिहिलं, बाईंची अट लिहिली. खिडकीतून काय दिसतं ते लिहून चारदा खोडलं. शेवटी 'बाकी येऊन बघ' एवढंच ठेवलं. पेटीपाशी हात नेहमीसारखा थबकला. मग मी मान वर करून छपरांकडे पाहिलं आणि पाकीट सोडून दिलं.