उरलेली साखर

“ही टाकी अडकलीय,” वाइन कारखान्याचे साहेब म्हणाले आणि त्यांनी ग्लास प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हातात दिला. “तुम्हीच बघा.”

बाईंनी वास घेतला. सडक्या अंड्याचा. मग थेंबभर चाखलं, तर गोडमिट्ट. इतकी साखर उरली म्हणजे तिची दारू करता करता यीस्टनं अर्ध्यावर हातपाय गाळले होते. शेजारच्या टाकीत रस तोच, पण यीस्ट विकतचं, पाकिटातलं. त्या मेल्यानं सगळी साखर चाटूनपुसून फस्त केली होती, आणि वासाला नाव ठेवायला जागा नव्हती. यंदा या दोघांतलं कोणतं ठेवायचं ते ठरणार होतं.

अडकलेलं यीस्ट बाईंच्या नवऱ्याचं. इथल्याच द्राक्षांच्या सालीवरून काढून त्यानं ते काचेच्या नळ्यांत वाढवलं होतं. तो गेला, त्याच्या जागेवर बाई लागल्या, आणि तेव्हापासून नळ्या बदलून बदलून त्यांनी ते जगवलं. ते होतंही त्याच्यासारखंच. रसातल्या दोन साखरांपैकी आवडती आधी संपवायची, दुसरीपाशी येईतो दमायचं, आणि पोटाला जरा कमी पडलं की घाण वास सोडून अख्ख्या तळघराला कळवायचं. पण एखाद्या वर्षी जमून गेलं, की वाइनला मधाचा असा गंध यायचा, की पाकिटवाल्यानं सात जन्मांत आणला नसता.

साहेब माणूस वाईट नव्हता. बाईंकडे न बघता ते म्हणाले, “उपाशी राहिलं असेल हो. पुढच्या वर्षी खुराक वाढवून बघू. काय?”

नुसती मान हलवली असती तरी वर्ष निघालं असतं. पण सगळ्यांची नजर चुकवून बाईंनी त्या टाकीत आधीच दुप्पट खुराक ओतला होता. नवऱ्याची बाजू घेता घेता, आधी सासूपुढे, मग साहेबांपुढे, त्या फार थकल्या होत्या.

“उपाशी नव्हतं, साहेब. मी चोरून दुप्पट घातलं होतं. तरी नाही झालं त्याच्याच्यानं.”

साहेबांनी बाईंच्या हातातला ग्लास परत घेतला. “एखादी नळी ठेवा हवं तर फ्रिजमध्ये. कोण विचारतंय?”

“आणि मी रिटायर झाल्यावर? त्याला खायला कोण घालणार?”

दुपारी बाईंनी यीस्टसकट सगळ्या नळ्या जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात रचल्या, झाकण आवळलं आणि दाबाचा काटा चढेपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं. भांडं निवल्यावर एकेक नळी ब्रशनं घासून उजेडाला धरली. एकीच्या तळाशी पांढरट कड राहिली होती. ती त्यांनी पुन्हा घासायला घेतली.