मुखरूच्या डोंग्यातला सरपंच

प्राणहिता मायची आन घेऊन, साऱ्या गावाले आयकू येईन असं सांगतो, यातला एकेक शबुद खरा हाय! खोटा निंगला तं माह्या तोंडात उरलेले तीन दात आताच्या आता गळून पडो. आता आयका.

अहेरीच्या अंगाले, नदीकाठच्या गावात गुणाबाई राहे. घरात दोघंच, ती अन् तिचा कोंबडा. कोंबड्याचं नाव सरपंच, कारन त्याले सकाळी सकाळी भाषन कराची सवय अन् दिवसभर काम काई नाई. पाच वरसाचा, तांबडा, तुरा असा का जास्वंदीनं लाजाव.

पूस महिन्यात गुणाबाईले लेकीची आठवन आली. लेक कांता नदीच्या खालच्या अंगाले दिली होती, मोटरच्या डोंग्यानं दीड तास. सकाळी जाचं, सांजच्याले वापस. पन सरपंचाले ठेवाव कोनापाशी? शेजारचा बापूराव त्याच्याकडे असा पाहे, जसा मनातल्या मनात कांदे चिरून राह्यला. मंग तिनं हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली, आपला वळखू यावा म्हनून सरपंचाच्या पायाले बांधली अन् त्याले काखेत मारून घाटावर आली.

डोंगेवाला मुखरू म्हने, "बाई, कोंबड्याचं तिकीट लागन."

"सरपंचाले तिकीट मागतं? काई लाज?"

"मंग बसवा समोर. पन घान केली तं तुमच्याच पदरानं पुसीन."

डोंगा सुटला. अर्धा कोसबी गेला नसन, तं अशी धुई पडली का गुणाबाईले आपलंच नाक दिसेना. नदीच्या मधात खडक अन् रेतीचे ढीग, म्हनून मुखरू नेहमी आपल्या काठाकाठानं जाये. आता काठच गायब! त्यानं इंजिन हळू केलं. "कुठी जाऊन राह्यलो बाई आपुन?"

तवा सरपंच डोंग्याच्या टोकावर उभा झाला, मान तानली अन् दिली बांग. धुईतून डाव्या अंगानं एका कोंबड्याचा जवाब आला. "हा आपल्या काठचा!" मुखरूनं डोंगा तिकडे घेतला. जराशानं पुन्हा बांग. या खेपेले जवाब उजव्या अंगानं. मुखरूनं कान देल्ला.

"हट्! हा पल्याडच्या काठचा, तेलंगणातला. आयका ना, तेलुगूत आरवते."

गुणाबाईनं आयकलं. खरंच, शेवटाले 'लू' लावून राह्यला होता.

असा बांगेमागं बांग, डोंगा काठ धरून चालला. अन् त्याच धुईत पान्यातून हातभर मरळ मासा उडाला, धप्पकन् गुणाबाईच्या पायाशी! मुखरूनं त्याले डब्यात टाकून झाकन लावलं.

मंग ऊन पडलं. रेतीवर बाया टरबुजाच्या वेलाइले पानी घालून राह्यल्या होत्या. सागाच्या शेंड्याइले धुईच्या चिंध्या लटकल्या होत्या. गुणाबाईनं मुरमुरे काढले, एक मूठ मुखरूले, एक सरपंचाले, एक आपल्याले, अन् पाय पान्यात सोडून बसली. सत्तरीची बाई, पन त्या घडीले कोनी वय पुसलं असतं तं सतरा सांगून शपथबी खाल्ली असती.

लेकीच्या घाटावर इहीन सुगंधाबाई, कांताची सासू, उभीच होती. तिची नजर आधी कोंबड्यावर गेली.

"अवं इहीनबाई! एवढा मोठा कोंबडा! काऊन तरास घेतला वं?"

तवा कुठी गुणाबाईले उमगलं. इहिनीच्या दारी नेला तो कोंबडा हंडीतच जाते. तिनंच तीस वरस पावन्याइचे असे कोंबडे घेतले, कोनाले पीसबी वापस नोतं केलं. पन घरून निंगतानी हे ध्यानातच नाई आलं, कारन तिच्या लेखी सरपंच कोंबडा नोताच.

घरी पोचत नाई तं चुलीवर आधन चढलं. कांताले मसाला वाटाले बसवलं. सोमाजी इवाई विळ्याले धार लावाले बसले, खर्रर खर्रर. कांता हळूच म्हने, "माय, वापस नेशीन तं मले जनमभर आयकाव लागन, तुही माय कोंबडा नुसता दाखवाले आली होती." अन् मंग वाटता वाटता तिचाच हात थांबला, "पन माय, सरपंच..."

गुणाबाईनं सरपंचाले पोटाशी धरलं.

"इहीनबाई, माहा असता तं आत्ता देल्ला असता. पन हा मुखरूच्या डोंग्याचा भोंगा हाय. धुईत याच्याबगर डोंगाच चालत नाई. इचारा त्याले!"

जेवाच्या आशेनं मुखरू मागं मागं आलाच होता, बगलेत डबा घेऊन. "हो ना," म्हने, "लय महाग भोंगा हाय."

"तुमच्यासाठी मी हे आनलं!" गुणाबाईनं त्याच्या बगलेतला डबा ओढला. मुखरूचं तोंड उघडंच राह्यलं.

सुगंधाबाईनं मासा पाह्यला. कोंबडा पाह्यला. कोंबड्याचा पाय पाह्यला.

"भोंग्याच्या पायाले हिरवी चिंधी काऊन? हे तं दिवाळीले मीच तुमाले देल्लं ते लुगडं."

विळ्याची खर्रर थांबली. गुणाबाई खाली मान घालून सरपंचाच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली.

अन् सुगंधाबाई हासाले लागली. गोठ्याकडे बोट करून म्हने, "तो बोकड दिसते का? सहा वरसाचा हाय. दरसाल पावन्याइले सांगतो, यंदा ताप हाय त्याले, पुढच्या साली कापू."

वाटलेला मसाला माशाले लागला. सरपंचाले भात भेटला, सोमाजी इवायाच्या हातचा. सांजच्याले धुई नोती, तरी तो टोकावर बसूनच आला, अन् दोन्ही काठाइले भाषन देत आला.

आता दात पडाच्या आधी एक सांगून टाकतो. तेलुगू कोंबडा खरा, तापाचा बोकड खरा. पन मासा डोंग्यात उडून नोता आला. तो मुखरूनं सकाळीच बायकोसाठी डब्यात ठेवला होता. घरी जाऊन त्यानं तिले सांगितलं, मासा डोंग्यातून उडून गेला. मंग उडाला तं होताच ना! मी फकत दिशा बदलली.