शिडी धरणारी

रंगाऱ्याने टेबलाच्या कडेवरून बोटं उचलली आणि तो अनवाणी डाव्या पायावर उभा राहिला. फिजिओथेरपिस्ट बाई घड्याळाकडे बघत होत्या. दाराशी त्याची बायको त्याचे बूट हातात धरून उभी होती. तीस सेकंद टिकला तर उद्यापासून शिडीवर, नाहीतर आणखी महिनाभर घरी. शिडीवरून पडून पाय मुरगळला, तेव्हापासूनच्या दोन महिन्यांत घरी बसून त्याने शेजाऱ्यांचं दार न विचारताच रंगवलं होतं आणि बायकोच्या स्वयंपाकात चुका काढायला सुरुवात केली होती. आणखी एक महिना गेला तर दोघांपैकी एकाला वेड लागणार हे नक्की होतं.

"तीस," बाई म्हणाल्या.

"बघा! पायात काही खोट नाहीच. रंगवत होतो त्या हॉलची फरशीच निसरडी होती, शिडी सरकली."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको पुटपुटली.

बाईंनी त्याला पालथं झोपवून दोन्ही पोटऱ्यांभोवती मापाची टेप लावली. डावी चांगलीच बारीक भरली. पोटरीचा एक भाग टाचेला जरा आत ओढतो, दुसरा जरा बाहेर, त्या समजावू लागल्या. दोन्ही मिळून घोटा मधोमध सावरतात, आणि ताकद कमी पडली की घोटा कलंडतो.

"हे दोन महिन्यांचं नाही, जुनं आहे. काम करताना ही पोटरी कधी थरथरायची का?"

"छे! मला कळलं नसतं?"

"अडीच वर्षं," बायको म्हणाली. "हे सातव्या पायरीच्या वर गेले की थरथरते. मी खालून बघते ना. मग शिडी डाव्या अंगाने जास्त रेटून धरते."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. व्यायाम सोडायचा नाही, कामाला हरकत नाही, मात्र किती उंच चढायचं ते स्वतःच ठरवा, एवढंच त्या बोलल्या.

रस्त्याने तो तिच्या दहा पावलं पुढे चालत राहिला. कोपऱ्यावर गर्रकन वळला.

"अडीच वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून होतीस?"

"सांगितलं असतं तर चढायचं थांबला असतात?"

त्याने रस्त्यातला एक खडा बुटाने उडवला.

"मलाच घरी बसवलं असतंत आणि शिडी धरायला दुसरं कुणी आणलं असतंत. त्याला काय दिसणार होतं?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही ब्रश मागितलात म्हणून मी शिडीचा हात सोडला, आणि तुम्ही पडलात. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही माझा."

त्याला खरं तर अजून रागवायचं होतं. पण राग कुठे ठेवला होता तेच सापडेना.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या उंच छताखाली त्याने शिडी लावली, अर्ध्या चड्डीची नाडी आवळली आणि ब्रश घेऊन चढला. सातव्या पायरीवर थांबला.

"कशी आहे?"

"गप्प आहे."

त्याने आठव्या पायरीवर पाय ठेवला.

"आता?"

तिने मान उंचावून पोटरी निरखली. "आता थरथरते," ती म्हणाली.

छत अजून दोन हात वर होतं. त्याने हात ताणून ब्रश वर धरला, तो पोचला नाही. मग तो एकेक पायरी करत खाली आला आणि तिच्याकडे न बघता ब्रश तिच्या हातात दिला.

"छताच्या कडा तू माझ्यापेक्षा सरळ मारतेस," तो म्हणाला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण हे त्याने कधी कबूल केलं नव्हतं.

तिने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, रंगाचा डबा मनगटाला अडकवला आणि चढू लागली. त्याने शिडी दोन्ही हातांनी गच्च धरली. प्रत्येक पायरीवर तिच्या पोटऱ्या किंचित आत, किंचित बाहेर हलत होत्या. हे असंच असतं की हेच थरथरणं? उजवीकडून रेटायचं की डावीकडून? इतक्या वर्षांत वर त्याला कधी भीती वाटली नव्हती, आणि इथे जमिनीवर उभा असून त्याच्या तळहातांना घाम फुटला होता.

"पुरे आता!" तो ओरडला. "खाली ये!"

"अहो, अजून ब्रशसुद्धा बुडवला नाही मी."