लाल लोकर

नडीनच्या कोंबड्यांच्या पायांत लाल लोकर दिसली आणि आर्डिथच्या अंगाचा तिळपापड झाला. लोकर तिच्या टोपलीतली होती. जंताचं औषध पाजून झालं की कोंबडीच्या उजव्या पायाला लाल लोकर बांधायची, म्हणजे तीच कोंबडी पुन्हा पाजली जात नाही, ही रीत तिच्या आईची. आणि गाठ तिच्या नवऱ्याची, मर्लची. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस; नळीला मारायची ती दुहेरी गाठ तो बुटाच्या नाडीलाही मारायचा.

"मर्लच्या हातात काय जादू आहे गं!" कुंपणापलीकडून नडीन म्हणाली. "बगलेत धरली की कोंबडी हूं नाही की चूं नाही. आणि जंत काय पडले म्हणून सांगू! नुसत्या शेवया!"

नडीन शेजारी राहायला आलेली विधवा. खुराड्याला पिवळा रंग देणारी आणि कारण नसताना हसणारी. आर्डिथला दोन्ही गोष्टी सारख्याच खुपायच्या.

"लोकर ओळखीची वाटली," आर्डिथ म्हणाली.

"मर्लच घेऊन आला. भर दुपारी कोंडून घेतल्या नि पाजल्या."

भर दुपारी! दिवेलागणीला कोंबड्या दांडीवर जाऊन बसल्या की अलगद उचलायच्या, हे मर्लला काय नव्याने सांगायला हवं होतं? दुपार निवडायला आर्डिथला एकच कारण दिसलं. दुपारी ती चर्चच्या स्वयंपाकघरात असते.

शुक्रवारी तिथेच गावाचं मासळीचं जेवण होतं. मर्ल ताट घेऊन रांगेत उभा असताना लोइस तिच्या कानाशी लागली. लोइस तिची शाळेपासूनची मैत्रीण, आणि पोटात काही ठेवणं तिला तेव्हाही जमत नसे.

"तुझा मर्ल नडीनच्या गाडीत दिसला बाई. मॅडिसनच्या रस्त्याला. आता दारात स्वतःचा पिकअप असताना..."

"पिकअपचं काम निघालंय," आर्डिथने ठोकून दिलं आणि कोबीची कोशिंबीर चिवडत बसली.

खरं सांगायचं तर गाडीचं तिला तेवढं लागलं नाही. कोंबड्यांचं लागलं. कोंबड्या पाजणं हे त्या दोघांचं काम होतं. मर्लने धरायची, तिने चोचीच्या कडेने औषध सोडायचं. घरात हा माणूस मोजकं बोलायचा, पण खुराड्यात त्याला कंठ फुटायचा. ही बघ तुझ्या मेबलमावशीसारखी चालते, ही पाद्रीबाबांसारखी मान हलवते. लग्न झाल्यापासून आर्डिथ त्याच जुन्या थट्टेला हसत आली होती. ते सगळं आता नडीनने ऐकलं असणार, आणि ती तर जास्तच मोठ्याने हसली असणार.

शनिवारी सकाळी तिच्याही खुराड्यात शिटेमध्ये जंत दिसले. तिने 'अंडी मिळतील' ही फाटकावरची पाटी उलटी केली. औषध पाजल्यावर काही दिवस अंडी कुणाला द्यायची नसतात.

"संध्याकाळी पाजायच्या," तिने मर्लला सांगितलं.

"उद्या दुपारी पाजू की. चांगला उजेड असतो."

"दुपारची सवय लागलीय वाटतं!"

 संध्याकाळी मर्ल मुकाट्याने तिच्या मागोमाग खुराड्यात आला.

खुराड्यात दिव्याचा मिणमिणता उजेड होता. आर्डिथ बिनसुईच्या पिचकारीत औषध भरत होती, मर्ल दांडीवरून एकेक कोंबडी उतरवून आणत होता. थट्टा नाही, मावशी नाही, पाद्री नाही. रागाच्या भरात आर्डिथ हाताला येईल त्या पायाला लोकर गुंडाळत होती.

मर्लने पुढची कोंबडी आणली. तिच्या उजव्या पायाला लाल लोकर होती.

"हिला आत्ताच पाजली! लक्ष कुठंय तुझं? का अजून शेजारीच आहे?"

"अगं, दिसली नाही."

"लालभडक लोकर दिसली नाही?"

मर्ल मान तिरकी करून कोंबडीकडे बघत होता, एका डोळ्याच्या कोपऱ्यातून. आर्डिथने लोकरीचं टोक त्याच्यापुढे धरलं. त्याने हात पुढे केला तो लोकरीच्या शेजारून गेला.

"मधलं सगळं धुरकट झालंय," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. मॅडिसनच्या दवाखान्यात डोळ्यात औषधाची सुई देतात. नडीन नेते."

"तिला कुणी सांगितलं?"

"तिचं तिनंच ओळखलं. तिच्या नवऱ्याचं हेच झालं होतं. मी कॉफी कपाच्या बाहेर ओतली नि तिनं विचारलं."

घरच्या टेबलक्लॉथवरही कॉफीचे डाग पडत होते. त्यावरून आर्डिथने त्याला कितीदा फैलावर घेतलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पिकअपची किल्ली काढून घेतली असतीस."

घेतली असती. त्याच दिवशी घेतली असती. तरीही तिचा मत्सर काही ओसरला नाही. आता मत्सराला धरायला गाडी नव्हती, हसणं नव्हतं. रोज समोर बसून जेवणारी ती, आणि ओळखलं कुणी, तर कुंपणापलीकडच्या बाईने. एवढं एकच उरलं होतं, आणि त्याने तिचा जीव जळत होता.

"आण पुढची," ती म्हणाली.

मर्ल दांडीशी गेला. हाताने चाचपत एक कोंबडी उचलली, तिच्या उजव्या पायावरून बोटं फिरवली, पुन्हा एकदा फिरवली, आणि बगलेत धरून आणली.

"ही राहिली होती. बघ, बोटांनी बरोबर कळतं. मेबलमावशी आहे ना?"

कोंबडीच्या डाव्या पायाला लाल लोकर होती. मघाशी हिला पाजल्यावर आर्डिथने स्वतःच, रागारागात, चुकीच्या पायाला बांधलेली.

"तीच ती," आर्डिथ म्हणाली. "बरोबर आणलीस."

तिने रिकामी पिचकारी कोंबडीच्या चोचीला लावली, दट्ट्या हळूच आत दाबला आणि टोपलीतून लोकरीचा नवा तुकडा तोडून मर्लच्या बोटांत दिला.

"गाठ तू मार," ती म्हणाली, आणि त्याची गाठ मारून होईपर्यंत कोंबडीचा उजवा पाय धरून उभी राहिली.