सतरा वेळा अडकित्ता

अडकित्त्यानं सुपारी कातरल्याचा आवाज साधारण तीन मिलिसेकंद टिकतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो एका बारीक उभ्या रेषेसारखा दिसतो. ती रेष खूप मोठी करून पाहिली तर तिच्यात एकशे तीसच्या आसपास ठिपके असतात. पहिल्या पंधरा ठिपक्यांतच आवाज टोकाला पोचतो, उरलेल्यांत विझत जातो.

हा अडकित्ता माझ्या वडिलांचा, तात्यांचा. १९७४ साली पंचवटीत एकांच्या घरी गाण्याची बैठक होती. तात्या आमच्या मखमलाबादच्या मळ्यातली फुलं विकत. गायकासाठी हार द्यायला गेले आणि परत यायचं सोडून तिथंच एका खांबाला टेकून बसले. त्यांचे मित्र शफीचाचा रेडिओ दुरुस्त करायचे. चाचांनी आपलं स्पूलचं यंत्र नेऊन ती बैठक टेपवर घेतली. मायक्रोफोन तात्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता. त्यामुळे बत्तीस मिनिटांच्या यमनमध्ये तात्या सतरा वेळा सुपारी कातरताना ऐकू येतात.

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ती टेप ऐकलेली आहे. गायक कोण, हे कुणी विचारलं तर तात्यांना जरा आठवावं लागे. पण सुपारीच्या जागी हात वर करून ते म्हणत, “हां... आता! कट्! हा मी.”

२००३ साली डॉक्टरांनी तात्यांचे कान तपासले आणि दोन्ही कानांना मशीन लावायला सांगितलं. तात्या म्हणाले, “सिंहस्थ होऊन जाऊ दे, मग बघू.” सिंहस्थ झाला. साधू गेले, तंबू गेले, घाटावरचे बांबूसुद्धा गेले. आता २००६ साल उजाडलं होतं. मागच्याच महिन्यात पंचवटीत एक टेम्पो हॉर्न वाजवत मागून आला. तात्या हलले नाहीत. टेम्पोचं चाक त्यांनी शेजारी टेकवलेल्या शेवंतीच्या पाटीवरून गेलं. पाटी हातभर बाजूला होती म्हणून निभावलं. तेव्हाही घरी येऊन ते म्हणाले, “त्याचा हॉर्नच बारीक होता.”

“आणि माझा?” आई म्हणाली. तिनं हे तीनदा विचारलं, दरवेळी वरच्या पट्टीत.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. गाणं ऐकू आलं तरी उंच, बारीक आवाज त्यांच्या कानातून निसटतात, हे आलेख काढून समजावलं, दोनदा डॉक्टरांची वेळ घेतली. तात्यांचं उत्तर एकच. “ज्याला टेपवरची सुपारी ऐकू येती, त्याला मशीन कशाला?”

त्या वर्षी स्पूलवरून तपकिरी भुकटी सुटायला लागली. शफीचाचा म्हणाले, “छाया बेटा, ही टेप अजून चार-दोन वेळाच वाजणार. कॉम्प्युटरमध्ये टाकून घे.” एका रविवारी दुपारी ते रिक्षातून यंत्र घेऊन आले. आम्ही ते वायरनं माझ्या कॉम्प्युटरला जोडलं आणि बत्तीस मिनिटं ऐकत बसलो. मग मी आवाज दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर उघडलं. आधी टेपची खरखर कमी केली, मग विजेची घुंई. जुन्या तबकड्यांवरच्या ओरखड्यांची चटचट काढायची एक सोय त्यात होती. टेपवरही मधूनमधून चटचट होती, म्हणून मी तीही वापरली आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

पाच मिनिटांनी चाचा ताठ बसले. “छाया, सुपारी कुठंय?”

मी पडदा पाहिला. एकही उभी रेष शिल्लक नव्हती. ओरखडा कोणता आणि माझ्या वडिलांची सुपारी कोणती, हे त्या सॉफ्टवेअरला कळायचं काही कारण नव्हतं. त्यानं सतराच्या सतरा काढून टाकल्या होत्या.

मूळ फाईल मी वेगळी ठेवली होती, म्हणून घाबरायचं काही नव्हतं. ती परत उघडणार तोच तात्या मळ्यातून आले. पाय धुतले, आत येऊन खुर्ची ओढली.

“झालं का? लावा की.”

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं वय तेव्हा सत्तरीचं होतं, पण डोळे शाळेच्या मागच्या बाकावरचे. मी सुपारी नसलेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तात्या डोळे मिटून ऐकत होते. पाचव्या मिनिटाला त्यांचा हात वर गेला. “हां... आता! कट्!”

स्पीकरमधून फक्त तंबोरा येत होता.

सातव्या मिनिटाला पुन्हा. “कट्! कसा साफ ऐकू आला बघ, शफीभाई. लय भारी मशीन हाय हे.”

चाचांनी खिशातला रुमाल तोंडात कोंबला. मी वहीवर रेघा मारत गेले. हात अगदी ठरलेल्या जागी वर जात होता, अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. आई पोळ्या सोडून दारात येऊन उभी राहिली. गाणं संपलं तेव्हा वहीत सतरा रेघा होत्या.

“किती झाल्या, तात्या?” मी विचारलं.

“सतरा. बत्तीस वर्सं झाली, सतराच हायेत.”

चाचांचा रुमाल बाहेर आला. “अरे सावळीराम, एकपण नव्हती! पोरीनं सगळी सुपारी झाडून टाकली!”

तात्यांनी आधी चाचांकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे. “खोटं बोलतो तू. मला ऐकू आली.”

“तुम्हाला आठवली,” मी म्हणाले.

“मग घे परीक्षा.”

मी अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा निवडला. त्याच्या दोन प्रती केल्या, एक सुपारीसह, एक सुपारीशिवाय. दर वेळी नाणं उडवायचं. छापा आला तर पहिला लावायचा, काटा आला तर दुसरा. तात्यांनी नुसतं ‘हाय’ किंवा ‘नाय’ म्हणायचं. माझा चेहरा दिसू नये म्हणून मी मॉनिटरच्या आड बसले. असं दहा वेळा.

दहापैकी दहा उत्तरं बरोबर आली.

तात्या खुर्चीत मागे रेलले. आई पोळ्यांकडे वळली. मी वही पुन्हा पाहिली. योगायोगानं असं होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. म्हणजे काहीतरी खबर तात्यांपर्यंत पोचत होती, फक्त ती कानातून पोचत होती असं नाही. मी मॉनिटरच्या कडेनं हळूच पाहिलं. तात्या स्पीकरकडे पाहतच नव्हते. समोर शफीचाचा बसले होते, आणि सुपारी वाजली की चाचांची पापणी लवत होती.

“चाचा,” मी म्हणाले, “तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करून बसा.”

“का गं? त्यानं काय केलं?” तात्या फारच पटकन म्हणाले.

“सावळीराम!” चाचा उठता उठता म्हणाले. “माझं थोबाड वाचत होतास तू? चौथीतपण माझंच बघून लिहिलंस!”

चाचा भिंतीकडे तोंड करून बसले. आईला मी स्वयंपाकघरातून यायची बंदी केली. पुन्हा दहा वेळा. या वेळी तात्या उत्तर द्यायला वेळ घेत होते. एकदा मान तिरकी केली, एकदा स्पीकरजवळ खुर्ची सरकवली.

दहापैकी पाच.

“पाच म्हणजे अर्धे आले की,” तात्या म्हणाले. “पास हाय मी.”

“नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी साधारण पाचच येतात, तात्या.”

“म्हणजे हे आणि चाराण्याचं नाणं सारखंच म्हण की,” आई आतून म्हणाली.

चाचा भिंतीकडे तोंड करूनच हसले. मलाही हसू आलं. तात्या मात्र आमच्याकडे पाहत होते, एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे. आई काय म्हणाली ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मी ते त्यांना मोठ्यानं सांगितलं नाही. मूळ फाईल उघडली, सगळ्या सुपारीसकट. आवाज होता तसाच ठेवला. पाचवं मिनिट आलं. चाचांनी या वेळी तोंड वळवलं नाही. कट्.

तात्यांचा हात मांडीवरून निघाला आणि वाटेतच थांबला.

“आत्ता होती?” त्यांनी मला विचारलं.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

त्यांनी कनवटीचा अडकित्ता काढला, सुपारीचं एक खांड घातलं आणि कानाशी धरून कातरलं. चेहरा जरा उजळला. मग हात लांब केला, त्या दिवशी मायक्रोफोन होता तेवढा, आणि पुन्हा कातरलं. आम्हा तिघांना ऐकू आलं. तात्यांनी अडकित्त्याकडे पाहिलं. पातं मिटलेलं होतं, सुपारीचे दोन तुकडे खाली पडले होते.

स्पीकरवर सातवं मिनिट येऊन गेलं. तात्यांनी दोन्ही तुकडे उचलून एक चाचांच्या हातावर ठेवला, एक तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत बसले.

मग आतल्या आईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “छाया, सिंहस्थ होऊन गेला ना गं? मग उद्या जाऊन कानाचं मशीन घेऊन टाकू.”